खळदकरांची अकरा चाकं

माणसाचा स्वभाव त्याच्या हातच्या कामात उतरतो, असं जाणती माणसं सांगत आली आहेत. खळदकरांची ओळख झाल्यावर मी हा सिद्धांत सोडून दिला. त्यांची चाकं सरळ असत.

नारायण पेठेत पिठाची गिरणी आणि लग्नपत्रिकांचं दुकान यांच्या मधे त्यांचं सायकलचं दुकान होतं. त्यावर पाटी नव्हती. का नाही, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्यांना सापडत नाही त्यांनी येऊ नये." आत गिऱ्हाइकाला बसायला काही नव्हतं. एक स्टूल होतं, त्यावर ते स्वतः बसत. उठून आतल्या बाजूला गेले तर स्टूल बरोबर घेऊन जात.

ज्याच्याबद्दल लिहायचं त्या माणसाबद्दल लिहिणाऱ्याला थोडी माया असावी, असा आपल्याकडे संकेत आहे. मला खळदकर आवडत नसत आणि त्यांना मी आवडत नसे. बारा वर्षं आम्ही हे परस्परसंमतीने चालवलं. मी वारज्याहून पेठेजवळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सायकलने जात असे, आणि चाकाचा आउट त्यांच्यासारखा काढणारा दुसरा कुणी मला ठाऊक नव्हता. आउट काढणं म्हणजे डुगडुगणारी रिंग तिच्या तारा कमीजास्त आवळून पुन्हा एका रेषेत आणणं. स्पोकला ते तार म्हणत. मी पहिल्या दिवशी स्पोक म्हणालो, तर त्यांनी विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

त्यांचा राग आदरार्थी होता. माणूस जितका नकोसा, तितकी भाषा मऊ होत जाई. "या" म्हटलं तर काम होण्याची शक्यता असे. "यावं" म्हटलं तर नसे. एका गृहस्थाने चाक संध्याकाळपर्यंत मिळेल का असं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा खळदकर स्टुलावरून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "आपण आमच्या दुकानात पाऊल ठेवलंत हेच पुष्कळ झालं. आता आपण निघावं." तो गृहस्थ बाहेरगावचा असावा, रस्त्यावर आल्यावर तो मला म्हणाला, माणूस फार सुसंस्कृत दिसतो.

घाई असलेल्याचं चाक ते हातात घेत नसत, कारण त्यांची पद्धतच तशी होती. बांधलेलं चाक एक रात्र भिंतीतल्या खिळ्यावर लटकायचं. दुसऱ्या दिवशी ते खाली आडवं ठेवून, दोन्ही तळव्यांनी कडेवर दाबत गोल फिरायचं. तारा कुरकुरायच्या, कडकड वाजायच्या, आपापल्या जागी बसायच्या. मग पुन्हा आउट. आणखी एक हट्ट होता. हवा भरायच्या भोकातून आत पाहिलं की मधल्या हबवरची अक्षरं समोर दिसली पाहिजेत. त्याने चाकाला काडीचा फरक पडत नाही. मी तसं म्हणालो, तर ते म्हणाले, "ग्रंथपाल, तुमच्याकडे पुस्तकं उलटी ठेवली तरी वाचता येतात. ठेवता का?"

तार किती आवळली गेली आहे हे ते कानाने ओळखत. अंगठ्याच्या नखाने तार छेडायची आणि डावा कान पुढे करायचा. त्या वेळी चष्मा कपाळावर जाई, कारण डोळे मधे बोलतात असं त्यांचं म्हणणं होतं. शेजारची गिरणी हा त्यांचा जन्मवैरी. गिरणी चालू असताना सूर लागत नसे, म्हणून गिरणी बंद असे त्या एक ते चारच्या वेळात ते शटर अर्धं ओढून तारा लावत. पुण्यात दुपारी शटर ओढलेलं असेल तर त्यामागे कुणीतरी झोपलेलं असतं. इथे एक माणूस चाकाला कान लावून बसलेला असे, आणि आपण फक्त खोकलात तरी म्हणत असे, "झालं का आपलं?"

या कानाचा एक कायदा होता: मागच्या चाकाला दोन सूर, पुढच्याला एक. मागच्या चाकात एका बाजूला गिअरच्या दात्यांची चळत असते, त्यामुळे त्या बाजूच्या तारा जास्त ताणाव्या लागतात. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून डावीकडची तार छेडा की उजवीकडची, आवाज एकच यायला हवा. चाळीस वर्षं हा कायदा बिनचूक चालला.

मग डिस्क ब्रेक आले.

या ब्रेकवर त्यांचा राग होता आणि तो मला पटण्यासारखा वाटे. जुना ब्रेक दोन रबरांनी रिंगला चिमटीत धरायचा. रिंग जरा वाकडी झाली की रबराला घासायची, आवाज करायची, आणि मालक चाक घेऊन पेठेत यायचा. "जुना ब्रेक चहाडखोर होता," खळदकर म्हणत. "त्याच्या चहाडीवर आमचं घर चाललं." डिस्क ब्रेक रिंगकडे बघतही नाही. तो चाकाच्या मध्याशी बसवलेल्या पत्र्याच्या चकतीला धरतो. रिंग कितीही डुलली तरी कुणी काही बोलत नाही, आणि मालकही येत नाही.

तरी जी माणसं आली त्यांच्यात हिंजवडीच्या एका कंपनीत काम करणारी एक मुलगी होती. तिला पुढचं चाक नव्याने बांधून हवं होतं, पण तारा एकमेकींवरून न नेता, मध्यापासून कडेपर्यंत सरळ, सूर्याच्या किरणांसारख्या. फोटोत फार क्लीन दिसतं, असं ती म्हणाली. मी तिथे होतो, आणि आता "यावं" ऐकू येणार म्हणून भिंतीला टेकलो. पण खळदकरांनी तिला चक्क समजावून सांगितलं. पूर्वी ब्रेक रिंगला धरायचा, म्हणून रिंग थांबायची. आता ब्रेक मधल्या हबला धरतो. हब थांबतो, पण रिंग म्हणते मी चालले. तिला थांबवायचं कुणी, तर या बत्तीस तारांनी. सरळ उभी तार ओढ सोसते, पीळ सोसत नाही. म्हणून तारा तिरप्या न्यायच्या, एकीने दुसरीला तीनदा ओलांडायचं, म्हणजे ब्रेकचा पीळ तारेच्या लांबीवर येतो. हे सगळं त्यांनी स्वतःचा पंचा पिळून दाखवलं. शेवटी म्हणाले, "फोटोच हवा असेल तर रांगोळी काढा."

मुलीने तीन ओलांड्यांचं चाक बांधून घेतलं. त्या वर्षी डिस्क ब्रेकचं पुढचं चाक मीही त्यांच्याकडून बांधून घेतलं.

महिन्याभरात मला वाटायला लागलं की माझी सायकल उजवीकडे ओढतेय. फार नाही, पण हात जरा सैल सोडला की ती आपणहून कडेला जाई. मी खळदकरांना सांगितलं. त्यांनी चाक फिरवलं, तारा छेडल्या. दोन्हीकडून घंटेसारखा एकच सूर. म्हणाले, "सायकल ओढत नाही. आपण ओढता. उजव्या खांद्याला पिशवी लावता ना? पुस्तकं कमी न्या." मी पिशवी डाव्या खांद्यावर घेतली. सायकल उजवीकडेच जात राहिली. पुढच्या खेपेला त्यांनी मला एक डोळा मिटून चालायला लावलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं असं सुचवलं. मी गेलो. डोळे ठीक होते. हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, डॉक्टर बदला.

मग चांदणी चौकाकडून वारज्याच्या उतारावर ब्रेक दाबताना पुढच्या चाकाची एक तार तुटली. मी कठड्याला घासून थांबलो. कोपर सोलपटलं. तार घेऊन गेलो, तेव्हा मला तारा हळुवार वापराव्यात असं सांगण्यात आलं. बारा दिवसांनी त्याच उतारावर दुसरी तार तुटली. तीही डावीकडची, चकतीच्या बाजूची, तीही हबजवळच्या वाकणात.

खळदकरांनी दुसरी तार हातात घेतली. दोन्ही तुकडे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. मग चाक काढलं, चकती उतरवली आणि चाक त्याच सायकलीत उलटं बसवलं, डावी बाजू उजवीकडे. रिंग सायकलच्या बरोबर मध्यावर असती तर उलटं केल्यावरही तिथेच दिसली असती. ती दुसऱ्या अंगाला सरकली होती. त्यांनी पट्टी लावली. मध्यापासून चार मिलिमीटर.

झालं होतं ते असं. डिस्क ब्रेकच्या पुढच्या चाकाच्या दोन बाजू सारख्या नसतात. डावीकडे चकतीला जागा हवी, म्हणून हबची ती कड आत सरकलेली असते, आणि रिंग मध्यावर राहायची तर डाव्या तारा उजव्यांपेक्षा चांगल्याच जास्त ताणाव्या लागतात. खळदकरांच्या कानाला पुढच्या चाकात दोन सूर सहन होत नव्हते. त्यांनी डाव्या तारा सैल करून उजव्यांशी जुळवल्या होत्या. ज्या तारांवर ब्रेकचा सगळा भार, त्याच ढिल्या. प्रत्येक ब्रेकला त्या सुटायच्या, ताणायच्या, आणि वाकणात झिजून तुटायच्या. पूर्वी सायकलला बसवलेलं चाक मध्यावर नसेल तर ब्रेकच्या रबरांमधे ते लगेच दिसायचं. आता रबरंच नव्हती, म्हणून त्यांनी कधी पाहिलंच नाही.

"उद्या या," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा माझं चाक खिळ्यावर होतं. त्यांनी ते उतरवलं, डावीकडची तार छेडली, मग उजवीकडची. दोन आवाज आले. दुसरा ऐकताना त्यांनी तोंड असं केलं की जणू कडू बदाम चावला गेला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "पिशवी आपण चुकीचीच घेता. तो भाग वेगळा."

वही वगैरे त्यांच्याकडे नव्हती. अशी किती चाकं दिलीत, असं मी विचारलं, तर ते बोटं मोजायला लागले. दहा बोटं संपल्यावर त्यांनी शेजारचा पाना उचलून अकरावा म्हणून धरला.

पुढचे दोन महिने खळदकर दुपारी दुकानात नव्हते. ते बसने गिऱ्हाइकांच्या घरी जात. कुणाला फोनवर कारण सांगत नसत, दारात उभे राहून म्हणत, "चाक काढा." हिंजवडीच्या त्या मुलीच्या सोसायटीत पहारेकऱ्याने त्यांना अडवलं आणि डिलिव्हरी का, असं विचारलं. ते म्हणाले, "उलट." वरून मोबाईलवर परवानगी येईपर्यंत तो आत सोडेना. नेमकी ती मीटिंगमधे होती. पाऊण तास ते फाटकाशी उभे राहिले आणि तेवढ्या वेळात पहारेकऱ्याची सायकल आउट असल्याचं त्याला दोनदा सांगून झालं. हे मला त्या मुलीने सांगितलं. ती खाली आली तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, पाणी घेतलं नाही. एवढंच म्हणाले, की हे चाक घेऊन सिंहगडाचा घाट उतरली असतीस तर मला चाललं नसतं. एरवी सगळ्यांना अहोजाहो करणारा माणूस आपल्याला एकेरीत बोलला, याचं तिला राहून राहून नवल वाटत होतं. मला त्यांनी कधी एकेरी म्हटलं नाही.

दहा चाकं परत आली, दुरुस्त झाली. अकरावं मिलिंद साठ्यांकडे होतं.

साठे हिंजवडीच्याच एका कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते आणि आमच्या सायकल मंडळाचे अध्यक्ष. रविवारी पहाटे सत्तर माणसांना घेऊन सिंहगडावर जायचं, वर भजी खायची आणि उतरताना वाऱ्यावर एखादं चिंतन करायचं, असा त्यांचा परिपाठ होता. नारायण पेठेतल्या जुन्या हातांनी बांधलेलं आपलं पुढचं चाक हा त्यांच्या भाषणांचा आवडता विषय. तारेतारेत परंपरा असते, असं त्यांनी माझ्यासमोर चार वेळा सांगितलं आहे. खळदकरांनी चाक मागितलं तेव्हा ते प्रवासात होते. दुसऱ्यांदा पाहुणे होते. तिसऱ्यांदा म्हणाले, अहो, इतकं सुंदर चालतंय, कशाला हात लावता. चौथ्यांदा फोन उचलला नाही. दरम्यान दर रविवारी घाट उतरणं चालूच होतं, सगळ्यांच्या पुढे साठे.

याच सुमारास मंडळाच्या वर्धापनदिनाला खळदकरांचा सत्कार करायचं ठरलं. मी साठ्यांना सांगितलं की ते येणार नाहीत. यापूर्वी एका संस्थेने विचारलं होतं, तेव्हा त्यांनी कळवलं होतं की मी गेल्यावर करा, त्या दिवशी तरी मला ऐकावं लागणार नाही. पण या वेळी ते लगेच हो म्हणाले. मी दुकानात जाऊन कारण विचारलं.

"त्यांची सायकल असणार का तिथे?"

असणार होती. सायकल स्टेजवर ठेवायची, सत्कार झाला की तिथूनच सगळ्यांनी सिंहगडाकडे निघायचं, असा कार्यक्रम होता. खळदकरांनी ड्रॉवरमधून तारा तोडायची पक्कड काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "गडाकडे निघण्याआधी करतील ना सत्कार?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. पक्कड कशाला, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला ते पाहायचं होतं.

वारज्यातल्या एका मंगल कार्यालयात सकाळी सातला सगळे जमले. सत्तर माणसं घट्ट कपड्यांत आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली. स्टेजवर साठ्यांची सायकल, पुढच्या चाकाला झेंडूची माळ. खळदकर खाकी शर्टात, दोन खुर्च्या सोडून. शाल पांघरून झाली, नारळ देऊन झाला. स्मृतिचिन्ह म्हणून पितळेचं एक छोटं चाक दिलं, त्याच्या सगळ्या तारा सूर्यकिरणांसारख्या सरळ होत्या. खळदकरांनी त्यावर नजरही न टाकता ते खुर्चीखाली ठेवलं, तेव्हाच मला कळलं की त्यांचं लक्ष सायकलीवर आहे.

साठे बोलायला उभे राहिले. चाक म्हणजे समाज, हब म्हणजे मूल्यं, आणि तार म्हणजे माणसामाणसातलं नातं, इथवर ते आले होते. खळदकर उठले, शाल खुर्चीवर ठेवली, सायकलीपाशी उकिडवे बसले आणि माळ बाजूला केली. पक्कड हातात आली. मग ते थांबले. चाक हळूच फिरवून हवेचं भोक वर आणलं, वाकून त्यातून आत पाहिलं. पक्कड खिशात गेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डावीकडची तार छेडली. मग उजवीकडची. माईक जवळच होता. डावा आवाज उंच आला, उजवा खाली. साऱ्या कार्यालयाला दोन्ही ऐकू आले.

"हे चाक माझं नाही," ते म्हणाले.

साठे हसले आणि म्हणाले, आपण नंतर बोलू या का.

"माझं कुठं आहे?"

"घरी आहे, खळदकर. अगदी व्यवस्थित आहे."

"आणि हे कुणी बांधलं?"

साठ्यांनी माईकवर हात ठेवला, पण उशिरा. "हे कंपनीचंच आहे. सायकलीबरोबर आलेलं. मशीनवर बांधतात."

"माझं का काढलंत?"

पुढच्या रांगेत कुणीतरी हेल्मेटचा पट्टा उघडमिट करत होतं, ते थांबलं. साठे म्हणाले, "जरा उजवीकडे जात होती."

"केव्हा कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

पहिल्या आठवड्यात म्हणजे माझी पहिली तार तुटायच्या तीन महिने आधी. या माणसाने चाक मुकाट्याने बदललं होतं, आणि जुन्या हातांवरची भाषणं चालू ठेवली होती.

"मला सांगितलं का नाहीत?"

"आपल्याला वाईट वाटलं असतं," साठे म्हणाले. माझी खात्री आहे की ते खरं बोलत होते.

खळदकर उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, तसं ते नेहमी तुटक्या वस्तूंकडे करत. "मला वाईट वाटलं असतं," ते म्हणाले. "यांचं डोकं फुटलं असतं." मग साठ्यांकडे वळून हात जोडले. "आता आपण घाट खुशाल उतरावा. आमची काही हरकत नाही."

शाल त्यांनी घेतली नाही. स्मृतिचिन्हही नाही. नारळ मात्र उचलला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून सरळ बाहेर गेले. मी मागे गेलो. वारज्याच्या थांब्यावर ते नारळ कानाशी धरून हलवून पाहत उभे होते. मी जवळ जाताच म्हणाले, "यात पाणी नाही." बस आली. त्यांनी मला चला म्हटलं नाही.

अकरावं चाक त्यांनी पुन्हा मागितलं नाही. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, त्यावर कुणी बसत नाही ना, मग ते माझं काम नाही. त्यानंतर डिस्क ब्रेकचं पुढचं चाक बांधायला ते नकार देऊ लागले. कारण विचारणाऱ्याला सांगत की मशीन चांगलं बांधतं, तिकडे जावं. हे ते आदराने म्हणत की रागाने, हे त्यांच्या बाबतीत वेगळं काढता येत नसे.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर खळदकर गेले. झोपेत गेले, दुपारी, एक ते चारच्या मधे. वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही नऊजण होतो. गिरणीवाला होता, हिंजवडीची ती मुलगी होती. साठे परदेशी असल्यामुळे येऊ शकले नाहीत, पण त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर फार हृद्य लिहिलं. अशी माणसं आता होणे नाही, असा त्याचा शेवट होता.

महिन्याभराने मंडळाच्या बैठकीसाठी मला साठ्यांच्या घरी जावं लागलं. खळदकरांचं चाक दिवाणखान्यात सोफ्याच्या वर टांगलेलं आहे, मागून पिवळा दिवा सोडला आहे, खाली 'हस्तनिर्मित' अशी छोटी पितळी पट्टी आहे. साठे चहा सांगायला आत गेले तेव्हा मी सोफ्यावर चढून मोजून पाहिलं. चार मिलिमीटर.